एका दिवसात जुनी मुंबई, सोबत वडील. काय दाखवू?

परभणीचा_पोरगा
येत्या सोमवारी देवगिरीनं सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीला उतरायलोय, रात्री त्याच गाडीनं परत. सोबत वडील. सगळी नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर झाली. मुंबई एकदाच पाहिली, तीबी मोर्चाला गेले तेव्हा. ‘जुनी मुंबई दाखव’ म्हणायलेत. गाईड नको, टूरची बस नको. गुडघे दुखतात. घारापुरीला न्यावं का?

छावणीकर
सोमवारी घारापुरी बंद असते, प्रश्नच मिटला. तसंही जायला तासभर लाँच, यायला तासभर, वर शंभराहून जास्त पायऱ्या. आपल्या वेरूळचं २९ नंबरचं लेणं बघा, आराखडा बराचसा तसाच आहे. (त्रिमूर्ती मात्र तिथंच. ती पुन्हा कधीतरी.)

मागं मी आईला एका दिवसात नऊ ठिकाणं फिरवली. तिला आता फक्त भांडकुदळ टॅक्सीवाला आठवतो. तुम्ही कमी बघा.

बॅगा क्लॉकरूममध्ये टाका, कुलूप लागतं. मग स्टेशनात रेंगाळू नका, रस्त्यापलीकडं जाऊन स्टेशनाची इमारत बघा. फाटकावर एकीकडं सिंह, एकीकडं वाघ: इंग्लंड आणि हिंदुस्थान. समोरची महापालिकासुद्धा स्टेशन उभारणाऱ्या स्टीव्हन्सचीच, १८९३ ची.

तिथून टॅक्सीनं हॉर्निमन सर्कल. वडील काट्यावर होते म्हणता, तर सगळ्यात जास्त वेळ इथंच द्या. आज बाग आहे ना, तिथं एकेकाळी उघडं मैदान होतं आणि त्यात कापसाच्या गाठींचे ढीग लागायचे. १८४४ ला तो बाजार कुलाब्याला हलवला. पुढं १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि मुंबईत भाव असा चढला की लोक येडे झाले. १८६५ ला लढाई थांबली अन् सगळं कोसळलं. त्या तेजीत कमावलेले आणि मंदीत बुडालेले प्रेमचंद रायचंद. राजाबाई टॉवरला पैसा त्यांचा, नाव त्यांच्या आईचं. टॉवर ओव्हल मैदानातून बघा, मान कमी दुखते.

कोट म्हणतात त्या भागात कोट शोधू नका, तटबंदी १८६० च्या दशकातच पाडली.

लातूर_लोकल
हुतात्मा चौक विसरू नका. संयुक्त महाराष्ट्रासाठी तिथं गोळ्या झेलल्या म्हणून आपण आज एका राज्यात आहोत. दुपारी उन्हात म्युझियम बरं, सव्वादहाला उघडतं. गेटवे संध्याकाळी.

छावणीकर
गेटवेला फोटोवाले मागं लागतात, आधी भाव ठरवा. १९४८ ला शेवटची गोरी पलटण त्याच कमानीतून गेली, एवढं वडिलांना सांगा.

परभणीचा_पोरगा
जाऊन आलो. गेटवे राहिलं, म्युझियम अर्धंच झालं. हॉर्निमनच्या बाकावर वडील दीड तास बसले. गाठींचं सांगितलं तर आधी इश्वासच बसेना. मग बोटं मोजायला लागले, आजची गाठ १७० किलोची, तेव्हा किती किलोची असंल, ओझं वाहायला माणसं किती लागत असतील. समोरच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांकडं बघत शेवटी म्हणाले, “काटा कुठं असंल रे इथं?”

मला काय माहीत. दोघंबी उठून जागा शोधायलो.