प्रति: शाळेच्या धबडग्यात प्रार्थना कधी करायची?

वर एका ताईंनी विचारलंय, वह्या, परीक्षा आणि ऑनलाइन माहिती भरण्यात दिवस संपतो, मग प्रार्थना कधी करायची? मी वसईत मराठी माध्यमाच्या मिशनच्या शाळेत शिकवते. मला या बाबतीत आधार वाटतो तो संत जॉन बाप्टिस्ट डी ला साल यांचा. १७व्या शतकातल्या फ्रान्समध्ये त्यांनी गरिबांच्या पोरांना लॅटिनऐवजी फ्रेंचमधून वाचायला शिकवलं. पोप पायस बारावे यांनी १९५० साली त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं. आपण परमेश्वराच्या सान्निध्यात आहोत, याची वर्गात अधूनमधून आठवण करायची, ही त्यांची शिकवण.

मी ती आठवण हजेरी घेताना करते. प्रत्येक नावाला मान वर करून त्या मुलाकडे बघते. परवा एक जण 'हजर' म्हणाला, पण डोळे सुजलेले. मधल्या सुट्टीत जवळ बसवलं तेव्हा कळलं, आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं. माझ्या डब्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी दोघांनी खाल्ली. तो ख्रिस्ती नाही, वर्गातली बरीच मुलं नाहीत, आणि त्यांना धर्म शिकवणं हे माझं काम नाही, असं माझं ठाम मत आहे.

रविवारी चर्चमधल्या मिस्साला, म्हणजे सामूहिक उपासनेला, मात्र अशी दोन-तीन नावं मनात घेऊन जाते. ताई, तुम्ही उद्याच्या हजेरीपासून सुरुवात करून बघा.