मोठ्या टेस्ला कॉइलची फ्रिक्वेन्सी वाढवून काय साधणार?

वाइंडिंगवाला : टेस्ला कॉइल, म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या ठिणग्या हवेत सोडणारं यंत्र, त्याबद्दल काल इथे एकाने ठोकून दिलंय, "ठिणगी लांब हवी तर फ्रिक्वेन्सी वाढवा, टेस्लाचं गुपित तेच." वाचून डोकं फिरलं. अहो, वेढे तेवढेच ठेवून कॉइल सगळ्या बाजूंनी दुप्पट करा. इंडक्टन्स (चुंबकीय साठवण) दुप्पट, कपॅसिटन्स (विद्युतभाराची साठवण) दुप्पट, म्हणजे गुणाकार चौपट, त्याचं वर्गमूळ दुप्पट, आणि फ्रिक्वेन्सी निम्मी. संशोधक निकोला टेस्लाने १८९९ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला उभारलेली जवळपास १५ मीटर व्यासाची कॉइलही शंभर किलोहर्ट्झच्या घरातली. स्पार्क गॅपला (ठिणगी पडली की स्विचसारखी जोडणारी हवेतली फट) दर दणक्याची ऊर्जा कपॅसिटर ठरवतो. तो मोठा घेऊन फ्रिक्वेन्सी वरच ठेवायची म्हटलं तर प्रायमरीला (ऊर्जा देणाऱ्या खालच्या कॉइलला) दीड-दोन वेढे उरतात, जोडतारांचाच इंडक्टन्स डोईजड होतो आणि ऊर्जा गॅप तापवण्यात जाते.

चुंबक : कालचा तो एक म्हणजे मी. फ्रिक्वेन्सी खाली न्यायची तर सेकंडरीला (ठिणगी सोडणाऱ्या उंच कॉइलला) वेढे जास्त, तार बारीक, रोध जास्त. ११० मिमीच्या ड्रेनेज पाइपवर ३४ गेजची बारीक तार गुंडाळून बघा, अर्ध्यात तुटते. आणि काही मेगाहर्ट्झला ठिणगी मेणबत्तीच्या ज्योतीसारखी होते, हे विसरलात?

वाइंडिंगवाला : ज्योतच ना? लांब ठिणगी कुठाय त्यात? आणि ११० चा पाइप म्हणजे मोठी कॉइल नव्हे.

नाशिककर : वरची फ्रिक्वेन्सी सुरक्षित तरी असते. स्किन इफेक्टमुळे (वरच्या फ्रिक्वेन्सीचा करंट पृष्ठभागाजवळूनच वाहतो) करंट कातडीवरून जातो, शॉक लागत नाही. आमचे सर बोटावर ठिणगी घ्यायचे.

रोहित्र : हे पुन्हा लिहू नका! तांब्यात १०० किलोहर्ट्झला करंट ०.२ मिमी शिरतो, शरीरात तीच खोली काही मीटर भरते. म्हणजे करंट आरपार जातो. मज्जातंतू इतक्या वेगाला प्रतिसाद देत नाहीत म्हणून झटका कळत नाही, पण मांस भाजतं. माझ्या भावाच्या बोटाला बाहेरून टाचणीएवढा डाग होता, आत महिनाभर ठणकत होतं.

नाशिककर : आमच्या सरांना वर्षानुवर्षं काही झालं नाही. उगाच घाबरवू नका.

रोहित्र : सरांचं नशीब. ठिणगी प्रायमरीवर उतरली तर तिच्या वाटेने प्रायमरीला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा ५० हर्ट्झचा करंट येतो, आणि तो हृदय थांबवतो. शाळेतली पोरं हे वाचतात, जरा जबाबदारीने लिहा.

नाशिककर : बरं, ५० हर्ट्झचं मान्य. पण बोलायची ही पद्धत नव्हे.

चुंबक : मूळ विषयाकडे या. मी गॅप सोडून आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावणार आहे.

वाइंडिंगवाला : मग तर खालीच या. मोठे ब्रिक (विटेसारखे ठोकळे) आयजीबीटी शंभर किलोहर्ट्झच्या वर स्विचिंग लॉसनेच (चालू-बंद होताना वाया जाणाऱ्या ऊर्जेनेच) मरतात.

चुंबक : ठीक आहे, मोठ्या कॉइलपुरतं तुमचं खरं. ६० किलोहर्ट्झ धरतो. पण बारीक तारेचं रडगाणं खोटं नाही.

वाइंडिंगवाला : पाइप ३१५ मिमीचा घ्या, तार जाड बसेल. टोरॉइडही (सेकंडरीच्या टोकावरचं धातूचं कडं) मोठा हवा. ठिणगी फुटली की तिचा कपॅसिटन्स भर घालून सेकंडरीची फ्रिक्वेन्सी खाली ओढतो, म्हणून प्रायमरी थोडी खालीच ट्यून करा.