'मौन' की 'पुटपुट'? अमिदा कशी म्हणतात?

सांजवात:
सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) प्रार्थना चालू असताना कसं वागायचं, त्याच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय आणि 'अमिदा'पाशी अडलेय. ही त्यांची प्रार्थना उभ्यानं, पाय जुळवून, जेरुसलेमकडे तोंड करून म्हणायची, मध्ये कुणाशी बोलायचं नाही, म्हणणाऱ्याच्या समोर चार हातांच्या आतून जायचं नाही (मूळ शब्द 'अम्मा', कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे आपला हातच, ते फार छान बसलं). मी 'मौन प्रार्थना' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या चूक, ओठ हललेच पाहिजेत, शब्द आपल्या कानाला ऐकू यावेत पण शेजाऱ्याला नाही. मग 'पुटपुटणे' लिहू का?

चकोर:
पुटपुटणे अजिबात नको, रागावलेला माणूस पुटपुटतो. आपल्याकडे जपाचे तीन प्रकार आहेतच की, वाचिक, उपांशु, मानसिक. उपांशु म्हणजे हेच, ओठ हलतात पण दुसऱ्याला ऐकू येत नाही. तयार शब्द असताना कशाला शोधायचं?

रानजाई:
तयार कुणासाठी? दारात पत्रक वाचणाऱ्याला उपांशु कळणार आहे का? माझी आजी संध्याकाळी स्तोत्र म्हणायची ते 'ओठातल्या ओठात', तेच लिहा. आणि पुटपुटला नावं ठेवू नका. ही पद्धत बायबलमधल्या शमुवेलाच्या आईवरून, हन्नावरून घेतलीय ना, तिचे नुसते ओठ हलताना बघून एली याजकाला ती प्यालेली वाटली होती, म्हणजे बघणाऱ्याचा गैरसमज तेव्हाही होताच. शिवाय मला वाटतं पुटपुट हे 'ओष्ठपुट'वरून आलं असणार.

चकोर:
छे, कुजबुज, गुणगुण तसंच पुटपुट, आवाजावरून आलेला शब्द. उगाच संस्कृत चिकटवू नका.

रानजाई:
उपांशु चिकटवलं कुणी?

दिमोनाकर:
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आजी रेवदंड्याची. 'मौन' पूर्ण टाकू नका हो, फक्त जागा बदला. सगळ्यांचं म्हणून झालं की हाझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, तीच अमिदा परत मोठ्यांदा म्हणतो, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. तेव्हा बाकीच्यांनी खरंच गप्प राहायचं, फक्त आमेन. त्या वेळी गप्पा मारणाऱ्याला शुल्हान आरूखमध्ये (ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात) फार कडक शब्द आहेत, त्याचं पाप सोसवणार नाही इतकं मोठं. आजी वरच्या माडीवरून आमच्याकडे नुसतं बघायची, तेवढं पुरायचं. आणि सिनेगॉग काय, ती 'मशीद'च म्हणायची.

चकोर:
मशीद?? तो तर मुसलमानांचा शब्द.

दिमोनाकर:
मग मुंबईचं मशीद स्टेशन बघा. जवळच सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ची शआर हारहमीम आहे, बेने इस्राएलांची जुनी मशीद, नाव तिच्यावरून पडलं असं आमच्यात सगळेच सांगतात.

रानजाई:
पुण्यात तर ओहेल डेव्हिड सिनेगॉगला लाल देऊळ म्हणतात!

चकोर:
लोक म्हणतात म्हणून छापायचं का? 'प्रार्थनामंदिर' लिहा.

दिमोनाकर:
आजीला प्रार्थनामंदिर म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, कुणाचं?

सांजवात:
अहो पण अमिदाचं काय ठरलं? उद्या सकाळी द्यायचंय.

चकोर:
मशीद हा शब्द कोकणात नक्की कधीपासून, ते कुणी सांगेल का?