वळवाच्या वादळात कौलं उडाली, मृग तोंडावर. दापोलीकडच्या घराचं काय करू?

मृगधारा :
नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात आमचं जुनं घर आहे. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे. आई एकटी राहते, वय ७२. मी डोंबिवलीत.

गुरुवारी संध्याकाळी तिथे वळवाचं वादळ झालं, जेमतेम पाऊण तास. पश्चिमेच्या पाख्याच्या (छपराच्या उताराच्या) वळचणीकडच्या, म्हणजे खालच्या कडेच्या, दोन ओळी आणि आढ्यावरची, म्हणजे माथ्यावरची, जवळजवळ सगळी कौलं गेली. पडवीचे तीन पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले. रायवळ आंब्याची एक जाड फांदी मोडून स्वयंपाकघराच्या छपरावर टेकून आहे. पश्चिमेची भिंत आतून ओली झाली आहे. आईने मेन स्विच बंद केला आणि ती शेजारच्या काकूंकडे झोपायला जाते. मी उद्या पहाटे निघते आहे.

एक ठेकेदार येऊन गेला. म्हणतो, सगळी कौलं आणि लाकूड उतरवा, आठ दिवसांत लोखंडी सांगाडा आणि निळे पत्रे घालून देतो, निम्मे पैसे आगाऊ. भावाला पटलंय. आई म्हणते, पत्र्याखाली वैशाखात जीव राहणार नाही, छप्पर बदलायचं नाही. मृग लागायला दोन आठवडे आहेत. पत्रा की कौल? पंचनामा होईल का? ओल्या भिंतीचं काय करायचं? कृपया अनुभवाचं सांगा.

आगरवाट :
ताई, आधी हे महत्त्वाचं की आई सुखरूप आहेत आणि त्यांनी वीज बंद केली. वायरमनने माळ्यावरची वायरिंग बघून हो म्हटल्याशिवाय तो स्विच वर करू नका. कौलांखालून गेलेल्या जुन्या वायरी भिजल्या की भिंतीलाही करंट येतो.

आम्ही श्रीवर्धनकडचे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगरजवळ जमिनीवर आलं तेव्हा मी घरातच होतो. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. दुपारनंतर बाहेर आलो तर आळीत एक घर धड नव्हतं, पोफळीच्या बागा झोपल्या होत्या. लगेच पावसाळा. त्या आठ-दहा दिवसांत ज्यांनी घाबरून कायमचं छप्पर करून घेतलं, त्यांच्यापैकी बहुतेकांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत ते परत उघडलं. पत्रा मिळेल तो, भाव सांगतील तो, गडी ज्याला वेळ असेल तो. आमच्या चुलत्यांकडे तर हलके पत्रे कमी हुकांवर बसवले आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून वर गुजरातकडे गेलं तेव्हा त्यातले निम्मे सुटले.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, हा पावसाळा झाकून काढा. कायमचं काम दिवाळीनंतर, भिंती सुकल्यावर, चार जणांना विचारून. निम्मे पैसे आगाऊ तर अजिबात देऊ नका.

फांदीला घरच्या कुणी कोयता लावू नये. टेकलेली फांदी ताणात असते, चुकीच्या जागी घाव पडला की उसळते किंवा उरलेलं छप्पर घेऊन खाली येते. चेन पुलीने वरून धरून ठेवायची आणि शेंड्याकडून तुकडे करत यायचं. झाडं तोडणारे सराईत लोक दापोलीत मिळतील.

आणि पडवीच्या सिमेंटच्या पत्र्यावर कुणीही पाय देऊ नये, उरलेला पत्रा धड दिसला तरी. तो वाकत नाही, एकदम फुटतो आणि माणूस खाली येतो. वादळानंतर छपरावरून पडून जायबंदी झालेले लोक मी पाहिलेत. फळी टाकून, खालच्या पाइपाच्या रेषेवरूनच चढायचं.

वासे_रिपा :
आगरवाट यांच्याशी सहमत. माझे वडील सुतार, आम्ही घरं शाकारतच (पावसाळ्याआधी कौलं नीट लावतच) मोठे झालो. ताडपत्री कशी घालायची ते सांगतो, कारण त्यातच चूक होते.

ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर निदान चार फूट उतरली पाहिजे. नुसती भोकाच्या जागी संपवली तर पाणी तिच्याखालून आत जातं. कडांवर दगड ठेवू नका. वाऱ्याने ताडपत्री फडफडली की दगड घरंगळतो, कौलं फोडतो, खाली माणूस असेल तर त्याच्यावर जातो. कड रिपेला (लाकडाच्या पातळ पट्टीला) दोन वेढे देऊन गुंडाळायची आणि ती रीप खालच्या वाशाला खिळवायची. नुसत्या कड्यांमधून दोरी ओवली तर पहिल्याच झोताला कडी फाटते. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून झावळ्यांची झापं लावा, पूर्वी दर पावसाळ्यात लावायचेच. झड थेट भिंतीवर येत नाही आणि मागे हवा खेळती राहते.

तुमची फक्त दोन ओळी आणि आढं गेलंय. लाकूड शाबूत असेल तर तेवढी कौलं बसवणं चार गड्यांचं दोन दिवसांचं काम आहे. चौरस मीटरला साधारण १५ मंगलोरी कौलं लागतात, त्यावरून हिशेब काढा. मात्र नवी-जुनी कौलं आणायला जाताना आईंकडचं एक अख्खं कौल बरोबर घेऊन जा. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये पहिला कारखाना काढला, त्यानंतर किती कारखाने झाले आणि प्रत्येकाच्या खाचा थोड्या वेगळ्या. कौलाच्या अंगावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं ते बघा. वेगळ्या साच्याचं कौल शेजारी नीट बसत नाही, फट राहते आणि पुढच्या वर्षी तिथूनच गळतं.

जांभाचिरा :
मी स्ट्रक्चरल कामं करतो. पत्रा की कौल यावर लोक तावातावाने बोलतात, म्हणून थोडं आकड्यांत सांगतो.

वारा छप्पर दाबत नाही, तो उचलतो. पाख्यावरून जाताना तो आढ्याशी, वळचणीशी आणि कोपऱ्यांत जोरात ओढ लावतो. तुमच्याकडे नेमकी तीच कौलं गेली आहेत. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ५७ किलोच्या आसपास येतो आणि कडेला ओढ याहून जास्त असते. मंगलोरी कौल अडीच-तीन किलोचं, म्हणजे चौरस मीटरला साधारण ४० किलो. मधल्या भागात वजनावर निभावतं, शिवाय कौलांच्या फटींतून हवा जाते त्यामुळे आतला-बाहेरचा दाब थोडा जुळतो. कडेला निभावत नाही.

आता पत्रा. अर्धा मिलिमीटरचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला जेमतेम पाच किलो, आणि त्यातून हवा जात नाही. तो सगळा स्क्रूच्या भरवशावर. स्क्रू चांगले बसले तर तो सांगाडा उचलतो, आणि सांगाडा भिंतीवर नुसता ठेवलेला असेल तर सगळंच एकत्र जातं. ठेकेदाराला एकच विचारा, सांगाडा भिंतीला कशाने बांधणार? जांभ्याच्या भिंतीत लोखंडी पट्टी निदान तीन थर खाली गेली पाहिजे, किंवा भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा हवा. उत्तर देता आलं नाही तर त्याला काम देऊ नका.

कौलंच ठेवणार असाल तर खालच्या तीन ओळी, आढ्याशेजारच्या दोन आणि दोन्ही टोकांची कौलं तारेने रिपेला बांधून घ्या. बऱ्याच मंगलोरी कौलांच्या पाठीला त्यासाठी भोक असतं, पण बांधतं कुणी नाही. तार जस्ताचा चांगला मुलामा असलेली किंवा तांब्याची, समुद्राच्या हवेत साधी तार दोन पावसाळ्यांत गंजते. आढ्यावरची कौलं नुसती ठेवू नका, गवंड्याकडून चुना-सिमेंटच्या मसाल्यात बसवून घ्या.

आणि गडी वर चढलेच आहेत तर आढ्याखालची त्रिकोणी भिंत आतून बघायला सांगा. आढं जिथे टेकतं तिथे नवी भेग असेल तर त्या भिंतीला आधी लाकडी टेकू द्यायचा, मगच वर माणसं चढवायची.

निळी_छत्री :
कागदांचं मी सांगते, आमच्याकडे यातून गेलोय.

तलाठ्यांना आजच फोन करा आणि ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पंचनाम्याची वाट बघत घर उघडं ठेवू नका. आधी भरपूर फोटो काढा : चारही बाजूंनी लांबून, मग जवळून, घर क्रमांक दिसेल असा एक, वाडीत पडलेल्या पत्र्यांचा एक. मग झाका. फुटलेली कौलं फेकू नका, अंगणात रचून ठेवा. मदतीच्या निकषांत अंशतः पडझड किमान १५ टक्के असावी लागते, ती मोजायला ढीग उपयोगी पडतो.

घरपट्टीची पावती आणि नमुना ८ चा उतारा (ग्रामपंचायतीतली घराची नोंद) काढून ठेवा. आमचं घर आजोबांच्या नावावर, वारस अकरा. पैसे कुणाच्या खात्यात यावरच काम अडलं. बाकीच्यांचं संमतीपत्र लागलं, दोघे परदेशात, चार महिने गेले. तुमच्याकडेही नावं जुनी असतील तर आतापासूनच सही गोळा करा. निसर्गानंतर सरकारने पूर्ण पडलेल्या घराची मदत दीड लाखांवर नेली होती, पण ते त्या वादळापुरतं. दोन ओळी कौलांसाठी फार मोठी रक्कम हाती येईल असं धरून खर्चाचं गणित मांडू नका.

विमा आहे का? नसेल तर या कामानंतर जरूर घ्या. १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना भारत गृह रक्षा ही ठरलेली पॉलिसी द्यावी लागते, त्यात वादळ आणि पूर दोन्ही येतात. विमा घेताना घर कौलारू आहे आणि अधूनमधून बंद असतं का, हे लेखी कळवा.

सागरगंध :
थोडं वेगळं मत मांडतो. ७२ वर्षांच्या बाईंनी दर वर्षी शाकारायला गडी कुठून आणायचे? आमच्या गावात आता दोनच म्हातारे उरलेत ज्यांना कौलं नीट फिरवता येतात. माकडं आली की आणखी दहा फुटतात. आम्ही खाली पत्रा आणि त्यावर कौलं असं केलं. गळती थांबली, घर तापत नाही, बाहेरून घर होतं तसंच दिसतं. खर्च जास्त झाला, हे खरं. पण आता आई निर्धास्त झोपते.

जांभाचिरा :
सागरगंध, पर्याय उत्तम आहे, फक्त वजन वाढतं. जुने वासे ते पेलतील का हे पावसाळ्यानंतर लाकूड टोचून बघावं लागेल, विशेषतः भिंतीत गेलेली टोकं. वाळवी तिथेच असते. आणि पत्र्यावर रिपा मारताना पाणी वाहायला खाली जागा ठेवली नाही तर रीप कुजते. दिवाळीनंतरच्या यादीत हा पर्याय वरचा धरा.

भिंतीचं राहिलं. ओल्या जांभ्यावर आता सिमेंटचा गिलावा मारू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. आतलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि पुढच्या वर्षी गिलावा पोपडे धरून पडतो. आतल्या बाजूचं कपाट, गाद्या भिंतीपासून हातभर पुढे ओढा, खिडक्या उघड्या ठेवा. दरजा (चिऱ्यांमधले सांधे) उघड्या पडल्या असतील तर त्या दिवाळीनंतर चुन्याने भरून घ्या.

मृगधारा :
सगळ्यांचे मनापासून आभार. आठवड्याने लिहिते आहे, काल रात्री परतले.

फांदी दोन तासांत उतरली, पुलीनेच. त्रिकोणी भिंतीला भेग निघाली, बोटभर रुंद नाही पण आढ्यापासून खाली हातभर. टेकू दिला, मगच गडी वर गेले. गावातल्या एका पडक्या घराची कौलं मिळाली, आमचं कौल नेलं होतं म्हणून कळलं की त्यातली निम्मीच जुळतात. कडेच्या ओळी तारेने बांधल्या. आढ्यावर मसाला करायला गवंडी मिळाला नाही, म्हणून तिथे सांगितल्याप्रमाणे रिपेला गुंडाळून ताडपत्री. पडवी तशीच उघडी ठेवली आहे. भाऊ स्वतः माळ्यावर जाऊन वासे बघून आला आणि ठेकेदाराला दिवाळीनंतर बोलू म्हणाला. तलाठी येऊन पंचनामा करून गेले, चुलत्यांच्या सह्या मी घेतेय.

वायरमनने एक खोली आणि स्वयंपाकघर चालू करून दिलं. काल रात्रीच तिकडे दोन तास मुसळधार पाऊस झाला, आई घरातच झोपली होती. सकाळी फोनवर म्हणाली, माजघर कोरडं आहे. फक्त स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, चुलीच्या डोक्यावर, अजून टपटपतंय. तिथली सगळी कौलं बदलली आहेत, तरी का?

वासे_रिपा :
ताई, स्वयंपाकघराचं पाखं मुख्य पाख्याला तिथेच मिळतं का? मग कौल नाही, दोन पाख्यांच्या मधली पाणी वाहून नेणारी पन्हळ तुंबली असणार. फांदी पडली तेव्हाची आंब्याची पानं तिच्यात अडकली असतील. पाणी तुंबून पन्हळीच्या कडेवरून आत येतं. गड्याला परत बोलवा, पन्हळ वरपासून खालपर्यंत हाताने मोकळी करायला सांगा आणि वरून एक बादली पाणी ओतून बघा. खाली पोचायला वेळ लागला तर पत्र्याची पन्हळ फांदीने चेपली आहे, तेवढा तुकडा बदलावा लागेल. पाऊस लागायच्या आत एवढं करून घ्या.