प्रश्न लघवीतल्या पाण्याचा नाही, मिठाचा आहे
‘प्यायचं पाणी संपलं तर स्वतःची लघवी प्यावी; तिच्यात ९५ टक्के पाणीच असतं, मग काय हरकत?’ हे भरपूर पाणी पिणाऱ्याच्या फिकट लघवीपुरतं खरं. स्वतःची लघवी पिणारे माजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांचा दाखलाही म्हणूनच इथे लागू नाही. त्यांना पाण्याची ददात नव्हती. तहानलेल्याची लघवी गडद होते, कारण परत घेण्याजोगं पाणी मूत्रपिंडांनी आधीच शोषलेलं असतं. उरलेलं मीठ आणि युरिया पुन्हा पोटात गेले की बाहेर टाकायला पुन्हा पाणी लागतं. त्यात मळमळून उलटी झाली तर अंगातलं आहे तेही जातं.

उन्हात अडकलात तर त्या लघवीने रुमाल भिजवून डोक्यावर, मानेवर ठेवा. ती वाळताना अंग गार होतं, तेवढा घाम वाचतो. आणि हालचाल ऊन उतरल्यावरच करा.