शब्दचर्चा : जपानीतल्या 'क्या, क्यु, क्यो'ला जोडाक्षर म्हणायचं का?

शलाका_प
जपानीच्या अगदी सुरुवातीच्या वर्गासाठी एका टिपणाचं मराठी करते आहे. हिरागाना (जपानीची मूळ अक्षरमाला) पाठ झाल्यावर मुलं अडखळतात ती 'योऽओन'पाशी. (ऽ दिसेल तिथे आधीचा स्वर लांबवा.) 'कि'च्या चिन्हापुढे 'या'चं चिन्ह लहान आकारात काढलं की दोन्ही मिळून 'क्या'. तसंच 'क्यु', 'क्यो'. अशी इकारी अक्षरं 11 : कि, शि, चि, नि, हि, मि, रि आणि गि, जि, बि, पि. प्रत्येकाची तीन रूपं, एकूण 33. लहान चिन्ह मोठं वाचलं तर शब्दच बदलतो. 'ब्योऽइन' म्हणजे हॉस्पिटल आणि 'बियोऽइन' म्हणजे ब्यूटी पार्लर. सरावाच्या वाक्यातल्या तापाने फणफणलेल्या माणसाला कुणी ना कुणी पार्लरला पोचवतंच.

मी या भागाला 'जोडाक्षरं' असं शीर्षक दिलं. वर्ग घेणाऱ्या बाईंनी ते खोडून परत पाठवलं. म्हणे, जोडाक्षर म्हटलं की मराठी मुलं उच्चार बिघडवतात. पर्याय मात्र त्यांनीही दिला नाही. काय लिहू?

प्रूफवाचक
जोडाक्षरच लिहा. दोन चिन्हं जोडली, एक अक्षर झालं. आणखी काय हवं? दुसरीतल्या पोराला कळतो असा शब्द हाताशी असताना नवीन पाडायची हौस कशाला?

तळटीप
बाईंचं बरोबर आहे.

'दिव्य' आणि 'दिव्याखाली' मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात 'दि'वर आघात येतो आणि व दुहेरी ऐकू येतो, जवळजवळ 'दिव्व्य'. दुसऱ्यात 'दि' हलका राहतो. 'पुण्याला'ची तर गंमतच आहे. दानधर्म केल्यावर ज्या 'पुण्याला' तोटा नसतो ते पुण्य वेगळं, आणि शिवनेरीत बसून आपण जातो ते 'पुण्याला' वेगळं. लिहायला एकच, म्हणायला दोन. वृत्तांत लघु-गुरू मोजतानाही हेच शिकवतात : जोडाक्षराआधीचं लघु अक्षर गुरू होतं, पण आघात नसेल तर नाही, म्हणून 'तुझ्या'तला 'तु' लघूच.

थोडक्यात, आपल्याकडे जोडाक्षरं दोन जातींची आहेत आणि लिपी दोघांना एकच अंगरखा घालते. जपानी 'क्या-क्यु-क्यो' सगळे दुसऱ्या जातीचे, मागच्या अक्षराला धक्का न लावणारे. अनोळखी शब्द दिसला की मराठी वाचक मात्र तो तत्सम असल्यासारखा वाचतो आणि आघात देतो. 'तोक्यो' लिहून कुणालाही वाचायला द्या, 'तोक्क्यो' ऐकू येईल. मुलांना सांगायचं ते इतकंच की हा 'वाक्या'तला क्या नव्हे, 'नाक्यावर'मधला क्या आहे.

आता नाव. 'योऽओन'मधल्या 'योऽ'चा अर्थ मुरडलेला, पिळलेला. साध्या अक्षरांना जपानीत 'चोकुओन' म्हणतात, म्हणजे सरळ ध्वनी. तेव्हा 'मुरडाक्षर' का नको?

प्रूफवाचक
वाचूनच पोटात मुरडा आला.

कासाईकर
तळटीप, तुमच्या 'तोक्क्यो'ची पुढची गंमत सांगतो. हा खराखुरा जपानी शब्द आहे. अर्थ, पेटंट! आणि शहराचं नाव 'तोऽक्योऽ', दोन्ही ओ लांब आणि क एकेरी. या दोन शब्दांवरच इथे जपानात पोरांचं कच्चा पापड-पक्का पापड रचलेलं आहे : 'तोऽक्योऽ तोक्क्यो क्योकाक्योकु', म्हणजे तोक्योचं पेटंट परवानगी कार्यालय. असं कार्यालय जगात कुठे नाही, खऱ्या खात्याचं नाव 'तोक्क्योचोऽ'. पण हे तीनदा भरभर म्हणता आलं की योऽओनची भीती गेली समजा.

आघाताची चूक नोकरीत चांगलीच महागात पडते. 'शुच्चोऽ' म्हणजे कामासाठीचा दौरा आणि 'शुचोऽ' म्हणजे आपलं म्हणणं ठासून मांडणं. आमच्यातल्या एका नागपूरकराने भर मीटिंगमध्ये "हे माझं शुच्चोऽ" असं ठासून सांगितलं. साहेबाने शांतपणे विचारलं, कधी निघताय?

शलाकाताई, नाव काहीही द्या, पण मात्रा मोजायला शिकवा. 'क्यो' एक मात्रा, 'क्योऽ' दोन, 'कियो'सुद्धा दोन. 'तोऽक्योऽ' चार. हायकूच्या 5-7-5 मध्येही 'क्यो' एकच धरतात. आणि त्या हायकूकाराचं नाव 'बाशो' लिहिणं थांबवा कुणीतरी! ब ऱ्हस्व आहे आणि शो लांब : 'बशोऽ'. आपण नेमकं उलटं करून ठेवलंय.

प्रूफवाचक
म्हणजे आता शिरीष पैंपासून मराठीत हायकू लिहिणाऱ्या सगळ्यांची पुस्तकं परत छापायची? टोकियो, टोयोटा, बाशो ही मराठी नावं आहेत. जर्मन लोक अजूनही 'टोकिओ' लिहितात, त्यांचं काही अडलं नाही. मराठी माणूस 'तोयोता' घ्यायला शोरूममध्ये गेला तर सेल्समन त्याला आधी पाणी देईल.

तळटीप
टोयोटा म्हणा हो खुशाल. प्रश्न भाषा शिकणाऱ्या मुलांचा आहे, गाडी घेणाऱ्यांचा नाही.

बांधावरून
मी जपानी शिकलेली नाही, भाचा शिकतोय. त्याला 'चि' आणि लहान 'या' मिळून होणारं अक्षर काही जमेना. 'चा' लिहून घेतलं तर तो 'चाका'तला चा म्हणायचा. मराठीत 'चा' दोन आहेत ना, 'चाका'तला आणि 'चारा'तला (आकडा चार, गुरांचा चारा पुन्हा 'चाका'कडे). शेवटी त्याची आजी म्हणाली, आरं, 'च्या' म्हण की. आमच्याकडे 'च्या घेतला का' असंच विचारतात. जपानीत चहाला तोच शब्द आहे म्हणे, आदराने 'ओच्या'. शाळेत मास्तरांनी 'चहा म्हण, च्या नको' म्हणून आमचे कान पिळले होते!

दुसरं म्हणजे 'रि'ची तीन अक्षरं. 'र्यो' असं रफार काढून लिहू नका. 'आचार्याला' वेगळं आणि 'आचाऱ्याला' वेगळं. आपला तो पापणीसारखा ऱ्य घ्या. भाचा सांगत होता, 'ऱ्योऽरि' म्हणजे स्वयंपाक. मग आचाऱ्याचाच ऱ्य झाला की तो.

कासाईकर
बांधावरून, 'च्या' आणि 'ऱ्यो' दोन्ही अचूक! 'ऱ्युऽ' म्हणजे ड्रॅगन आणि 'रियुऽ' म्हणजे कारण. हिंदीभाषक मित्रांना ऱ्य समजावताना घाम फुटतो. आपल्याकडे अक्षर तयारच आहे आणि टिपणं लिहिणारे इंग्रजीवरून 'रयो' उतरवत बसतात. आणखी एक जोडी तुमच्या भाच्यासाठी : 'कोन्न्याकु' हा कंदाचा पदार्थ आणि 'कोंयाकु' म्हणजे साखरपुडा. पहिल्यात 'न्याया'तला न्या, दुसऱ्यात 'संयमा'तला अनुस्वार. पोरीच्या बापासमोर गोंधळ नको.

अडगळ
मला भलतीकडेच जायचंय. योऽओन हे मुळात जपानीचं धन नव्हे, चिनी शब्दांबरोबर ते मोठ्या संख्येने आत आलं. आणि त्यातले काही शब्द चिनीत गेले होते आपल्याकडून. 'शाक्य'चं 'शाका' झालं, बुद्धाला जपानीत 'ओशाकासामा' म्हणतात. 'प्रज्ञा'चं पालीतून 'हान्न्या'. 'शरीर'चं 'शारि', म्हणजे बुद्धाचे अस्थिअवशेष आणि सुशीखालचा भातसुद्धा! 'सहा' (सहन करायचं ते जग) याचं 'शाबा', आणि तुरुंगातल्या माणसाच्या तोंडी तुरुंगाबाहेरचं जग म्हणजे शाबा. शिवाय 'काना'चा, म्हणजे जपानी अक्षरचिन्हांचा, क्रम आ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा असा लागतो, तोही सिद्धं ही संस्कृतची जुनी लिपी शिकणाऱ्या भिक्षूंच्या वर्णमालेवरून. 'हा'ला ओठांच्या वर्गात का बसवलं, तर तो जुन्या काळी 'पा' होता.

परतीच्या प्रवासात आपल्याला काय मिळालं? रिक्षा. 'जिन-रिकि-शा', माणूस-बळ-गाडी. शेवटचा 'शा' हा 'शि' अधिक लहान 'या' आहे, म्हणजे पुण्यातला प्रत्येक माणूस रोज योऽओन उच्चारतो आणि नकार ऐकून घेतो.

तळटीप
तरीच मी म्हणतो 'रिक्शा' लिहा. क्ष चा काय संबंध?

प्रूफवाचक
'किशा'तला इ जपानी माणूस ओठातच गिळतो, राहतं 'क्शा'. मराठीने त्याला क्ष दिला आणि जात्यावरच्या पिठासारखं स्वतःचं करून घेतलं. याला भाषा जिवंत असणं म्हणतात.

शलाका_प
सगळं टिपून घेतेय, मस्त आहे. पण शीर्षक? 'संयुक्त ध्वनी' चालेल?

तळटीप
तत्सम शब्द दिलात की मुलं परत आघात देणार.

कासाईकर
लहान-मोठ्या चिन्हांवरून आठवलं. आजचं जपानी लेखन 1946 च्या सुधारणेचं. त्याआधी 'क्योऽ' (आज) हा शब्द 'काना' चिन्हांत 'के-फु' असा लिहीत आणि वाचायचा मात्र 'क्योऽ'. फुलपाखरू 'चोऽ', लिहायचं 'ते-फु'. कायद्यांच्या मसुद्यांत तर 1988 पर्यंत हा 'या' मोठाच छापत. कॅनन कंपनी अजूनही आपल्या नावात मोठा 'या' काढते, म्हणायचं 'क्यानोन'. लहान 'या'च्या डोक्यावर मोकळी जागा उरते, ती बरी दिसत नाही म्हणून. तेव्हा आकारावर फार विसंबू नका.

बांधावरून
एक शंका. ऱ्य किंवा तसल्या पापणीवाल्या र ने सुरू होणारा मराठी शब्द आहे का? भाचा म्हणतो नाही, म्हणून 'ऱ्योऽरि' म्हणताना सुरुवातीलाच जीभ अडते.

अडगळ
ऱ्य नाही, ऱ्ह आहे. ऱ्हास.

प्रूफवाचक
आणि ऱ्हस्व. वर कासाईकरांनीच लिहिलाय.

तळटीप
मूळ शब्द ह्रस्व आहे. ह ला र, र ला ह नव्हे. ऱ्हस्व हा अपभ्रंश.

प्रूफवाचक
शाळेच्या पुस्तकात ऱ्हस्व छापतात. तुम्ही स्वतः 'ह्रस्व' एकदा म्हणून दाखवा आणि मग बोलू.