मदत हवी आहे : जाहिरातीतील नथ प्रतीक मानावी की निर्देशक?

बडोद्यातील मराठी कुटुंबे दागिन्यांच्या जाहिराती कशा वाचतात, या विषयावर मी पदव्युत्तर प्रबंध लिहीत असून वर्गीकरणाच्या एका मुद्द्यावर काम अडले आहे. माझ्यापुढील दोन जाहिरातींत मॉडेल, तिचे हसू आणि गळ्यातील हार अगदी तोच आहे. मात्र एकीत तिने पांढरे-लाल पानेतर नेसले आहे, तर दुसरीत पैठणी, नथ आणि हिरवा चुडा आहे, आणि एवढ्याच फरकाने गुजराती वधूची मराठी वधू होते. (मॉडेल बहुधा दोन्हींपैकी कोणीच नसावी.) चिन्हाचा अर्थ इतर चिन्हांपासूनच्या भेदातून घडतो, हे भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरचे म्हणणे येथे सहज पटते.

अडचण अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्सने केलेल्या चिन्हांच्या त्रिविध विभागणीची आहे. साम्यामुळे प्रतिमा, प्रत्यक्ष संबंधामुळे निर्देशक आणि रूढ संकेतामुळे प्रतीक असे मानले, तर नथ प्रतीक ठरते. परंतु मराठी वधू ती खरोखरच घालत असल्याने, धुरावरून अग्नी ओळखावा त्याप्रमाणे, ती निर्देशकही वाटते. एकच चिन्ह दोन्ही प्रकारांत नोंदवणे शास्त्रशुद्ध ठरेल का? शिवाय, त्याच नथेतून सूचित होणारा घरंदाजपणा फ्रेंच चिन्हमीमांसक बार्थच्या दुसऱ्या पातळीवरील अर्थ (म्हणजे थेट अर्थावर चढणारा सांस्कृतिक सूचितार्थ) म्हणून स्वतंत्रपणे नोंदवावा का? माध्यमशास्त्र शिकवणाऱ्या जाणकारांनी कृपया सोदाहरण मार्गदर्शन करावे.